चुकलेल्यांनी हात वर करा



मी बोलायला उभी राहिले की मागच्या बाकावरून हसू येतं, ही प्रथा इतक्या वर्षांनंतरही चालू आहे. बरं वाटलं.

संयोजकांनी सांगितलं, तुझ्या कामाबद्दल बोल. मी सॉफ्टवेअर लिहिते, पण हल्ली निम्मा वेळ सांगली भागातल्या पतसंस्था आणि कारखान्यांच्या ऑफिसांत खोटे ईमेल ओळखायला शिकवण्यात जातो. ऑगस्ट २०१८ मधलं पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातूनसुद्धा. त्याआधी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर गेले. तिथे चोरांनी बँकेच्या कर्मचाऱ्यांना काय पाठवलं होतं? नोकरीचा अर्ज. सोबत बायोडेटा पाहण्यासाठी लिंक. कुणीही उघडेल असा साधा मेल.

पण आज मला सांगायची आहे ती माझी चूक. एका संस्थेत मी सरावासाठी खोटा मेल पाठवला, ‘दिवाळी बोनसची यादी सोबत जोडली आहे’. चाळीसपैकी अकरा जणांनी क्लिक केलं. दुसऱ्या दिवशी मी त्या अकरा जणांची नावं पडद्यावर लावली. त्यात निवृत्तीला आलेले एक कॅशियर काका होते. सगळे हसले, मीही हसले. काका खाली बघत बसले.

चार महिन्यांनी त्यांना खरोखरच फसवा मेल आला. नेहमीच्या स्टेशनरीवाल्याच्या नावाने: आमचं बँक खातं बदललंय, बिल या नव्या खात्यात भरा. काकांनी भरलं. संध्याकाळीच त्यांना शंका आली होती. बोलले तिसऱ्या दिवशी. १९३० या नंबरवर लगेच फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. तीन दिवसांत ते कुठल्या कुठे गेले होते. “लगेच का नाही सांगितलंत?” मी विचारलं. म्हणाले, “मॅडम, पुन्हा पडद्यावर नाव आलं असतं.”

त्या रात्री साताऱ्याला आईकडे आले आणि मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. पेपर वाटून झाले की बाई म्हणायच्या, “चुकलेल्यांनी हात वर करा.” पहिला हात वर करणाऱ्याला खडू मिळायचा आणि बाई त्याच्या शेजारी उभ्या राहून गणित सोडवून घ्यायच्या. मला नेहमी राग यायचा, कारण माझं बरोबर असायचं आणि खडू दुसऱ्यालाच! (बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, अजून थोडा आहे.)

आता माझ्या वर्गात पहिली स्लाइड माझीच असते: पार्सल अडकलंय म्हणून आलेल्या मेसेजवर मी स्वतः केलेलं क्लिक. नावं कुणाचीच लावत नाही. प्रत्येक कॉम्प्युटरशेजारी एक फोन नंबर चिकटवलेला असतो. शंका आली की तिथे सांगायचं, क्लिक झालं असेल तर धावत सांगायचं. आणि खातं बदललंय असा मेल आला तर मेलमधला नंबर न लावता, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर विचारायचं. काकांनी ती वही स्वतः तयार केली.

गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला. “मॅडम, एक मेल आलाय. बहुतेक खरा आहे, पण विचारून घेतो.”

मेल खरा होता. माझ्याच बिलाचा होता.