जुन्या व्हॅनचा रेडिएटर
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चवथीला माटोळीचं सामान, नारळ आणि घरातली सगळी माणसं भरून गावी जाणारी गाडी म्हटली, की आपल्या पेडणे महालात अजून ओम्नीच डोळ्यांसमोर येते. 1984 साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या या गाडीचं उत्पादन 2019 साली थांबलं. आम्हा सरकारी लोकांच्या गाड्या 15 वर्षांनी भंगारात जातात. घरची गाडी मात्र तपासणीत पास झाली तर पुढेही चालवता येते. तिचं आयुष्य बऱ्याच अंशी रेडिएटरवर अवलंबून असतं.

केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत इंजिन चालू ठेवलं, तर समोरून वारा नसतो. सगळा भार पंख्यावर येतो. पलीकडे तेरेखोलला उतरताच किल्ल्याचा चढ. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे ताप आधी बसणाऱ्याला जाणवतो! तशीच रेटली तर गॅस्केट जातं, हेड वाकतं आणि खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट होतो. म्हणून रांगेत इंजिन बंद ठेवा.

गाडी तापली म्हणजे रेडिएटरच दोषी, असं नाही. आधी होज, झाकण, पंखा, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप तपासून घ्या. ‘आपल्याकडे थंडी कुठे?’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नका. इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जातं.

नवा घ्यायचाच झाला तर दोन प्रकार आहेत. तांबं-पितळेचा जड आणि महाग, पण गळला तर कारागीर डाख देऊन दुरुस्त करतो. ॲल्युमिनियमचा हलका, उष्णताही चांगली सोडतो. पण त्याची प्लॅस्टिकची टाकी जुनी झाली की तडकते आणि बहुधा बदलावीच लागते. खाऱ्या वाऱ्यात त्याच्या पातळ पत्र्यांची पांढरी भुकटी होते. माझं मत असं : जवळपास डाख देणारा चांगला कारागीर असेल तर तांब्याचा घ्या, नसेल तर चांगल्या कंपनीचा ॲल्युमिनियमचा. जुना सोबत नेऊन माप, होजची तोंडं आणि पंख्याची जागा जुळवा. भंगारातला घेऊ नका.

झाकणाला क्षुल्लक समजू नका. 0.9 दाबाचं झाकण नीट बसलं, तर पाणी शंभरऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की झाकण बदला. इंजिन गरम असताना ते कधीही उघडू नका. उसळलेल्या पाण्याने तोंड भाजतं.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. क्षार साचून नळ्या बुजतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घाला. कूलंट फक्त बर्फासाठी नसतं, ते गंजही रोखतं. त्यावर लिहिलेल्या मुदतीत ते बदला. गळती थांबवायला हळद टाकायची जुनी युक्ती वाटेत अडल्यावर घरी पोचण्यापुरती ठीक. नंतर रेडिएटर धुऊन घ्या, नाहीतर तीच हळद नळ्यांत बसते.

समुद्राकाठी गाडी फिरली, की गोड्या पाण्याने जाळी हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पत्रे वाकतात. दर आठवड्याला, थंड इंजिनावर, पाण्याची पातळी पाहा. पातळी वारंवार उतरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय, हे नक्की.

यंदाच्या चवथीला निघण्यापूर्वी एवढी पाच मिनिटं गाडीला द्या. भर पावसात, रात्री, घरच्या म्हाताऱ्या माणसांना रस्त्याकडेला उभं करण्याची वेळ येऊ नये, एवढंच सांगणं. गणपती बाप्पा मोरया!