पाण्याचा एकच ताळेबंद



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. या व्यासपीठाचा उपयोग एकच मुद्दा नीट मांडण्यासाठी करावा, असे मी ठरवले आहे. आपल्याकडे पाणीटंचाईचा हिशेब एका खात्यात राहतो आणि पाण्याच्या शुद्धतेचा दुसऱ्या. टंचाई आली की टँकर, चारा छावण्या आणि धरणांची टक्केवारी यांची चर्चा होते. पाणी दूषित झाले की साथीचे रुग्ण, पाण्याचे नमुने आणि निर्जंतुकीकरणाची टीसीएल पावडर यांची. हवामानबदलाच्या काळात ही वाटणी टिकणारी नाही. वातावरण तापते तसे पाण्याचे प्रमाण आणि पाण्याचा दर्जा एकाच कारणाने आणि बहुधा एकाच ठिकाणी ढासळतात. म्हणून दोन्हींचा ताळेबंद एकत्र मांडला पाहिजे, आणि तो मांडला तर आपले अनेक निर्णय बदलावे लागतील, असे माझे प्रतिपादन आहे.

सुरुवात पावसापासून करू. हवेचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढले की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा जोरात कोसळतो, आणि दोन सरींच्या मधले कोरडे दिवस जमिनीतली ओल पूर्वीपेक्षा वेगाने शोषून घेतात. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या काळातील नोंदी तपासून २००६ मध्ये दाखवून दिले की मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढत आहेत आणि मध्यम पावसाच्या घटत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पहिल्या अभ्यासातली एक गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी. वाढ आणि घट एकमेकींना झाकतात, म्हणून हंगामाची सरासरी जवळपास तशीच दिसते. ‘यंदा सरासरीइतका पाऊस झाला’ हे वाक्य त्यामुळे आश्वासक राहिलेले नाही. तो पाऊस किती दिवसांत पडला, हे कळल्याशिवाय त्यातून काहीच ठरत नाही.

हे महाराष्ट्राला इतरांपेक्षा जास्त का लागू आहे, याचे उत्तर आपल्या पायाखाली आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापला आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखे खोल, सच्छिद्र थर इथे नाहीत. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगाफटींत, आणि तेही खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम काही टक्के. असा खडक भरायला भीजपाऊस लागतो, दिवसदिवस चालणारी संततधार लागते. चार तासांत दीडशे मिलिमीटर कोसळणारा पाऊस मातीचा वरचा थर घेऊन ओढ्याला लागतो. हवामानशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार या शतकात भारतातला मोसमी पाऊस वाढेल, मग टंचाईची भीती कशाला, असा आक्षेप घेतला जातो. अंदाज खरा मानला तरी निष्कर्ष चुकतो. पाऊस वाढला म्हणून बेसाल्टची साठवणक्षमता वाढत नाही. भरलेला खडक पुढचे पाणी नाकारतो, आणि पुढच्या आठ-नऊ कोरड्या महिन्यांत वाढलेल्या उष्म्यामुळे पिकांची तहान मात्र मोठी होते.

आता या टंचाईचे दूषित पाण्यात रूपांतर कसे होते ते पाहू. वरची विहीर आटली की माणूस खाली जातो. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरवेलने लाखो लोकांना पाणी दिले. देशभर पोहोचलेल्या हातपंपाच्या घडणीत जालना आणि सोलापूर इथल्या प्रयोगांचा मोठा वाटा आहे, आणि त्या कामाबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. पण खोलवरचे पाणी दीर्घकाळ खडकाच्या सान्निध्यात राहिलेले असते. त्यातले कॅल्शियम कमी होत जाते, क्षारता वाढते आणि खडकातल्या खनिजांमधून फ्लोराइड पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट दिली जाते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत ही मर्यादा ओलांडली गेली आहे आणि तिथे मुलांचे दात पिवळट-तपकिरी पडणे, प्रौढांची हाडे व सांधे आखडणे हे नेहमीचे झाले आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, पाणी मुळातच खारे आहे. तिथे गोड्या पाण्याचा थोडासा वरचा थर संपला की उरते ते पिण्यास अयोग्य पाणी. कागदावर या गावांना ‘स्रोत उपलब्ध’ असतो. तो शरीराला चालतो का, हा रकाना त्या कागदावर नसतो.

टंचाईइतकाच अतिवृष्टीचाही दर्जावर आघात होतो. लांबलेल्या कोरड्या काळात शेतात युरियाचे अवशेष, उकिरडे आणि शोषखड्ड्यांतली घाण साचून राहते. मग एकाच दिवशी कोसळलेला पाऊस हे सारे धुऊन विहिरीत आणतो. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ते वाढले की तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, आणि पाणी उकळून ते जात नाही. अतिसार, कावीळ, विषमज्वर यांचे जंतूही याच वाटेने येतात. २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली पुरात वेढली गेली तेव्हा सभोवार पाणी होते आणि लोकांना पिण्याचे पाणी बाहेरून पोहोचवावे लागले. महापूर आणि दुष्काळ यांना आपण विरुद्ध संकटे समजतो. पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच असतो.

धरणांच्या बाबतीत उजनीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. त्यांचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून या जलाशयात उतरते. खालच्या अंगाला सोलापूर शहर हेच पाणी पिते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीची पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली, म्हणजे मृतसाठ्यालाही हात लागला. अशा वेळी सांडपाणी तेवढेच येत राहते, त्याला पातळ करणारे पाणी मात्र आटलेले असते. शिवाय २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना साडेसातच. प्राणवायू कमी पडला की तळाच्या गाळात बसलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो, शेवाळ माजते आणि जलशुद्धीकरण केंद्रावरचा भार वाढतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातले आहेत, देशात सर्वाधिक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते सर्वांना आठवते. नदी नासणे हीसुद्धा तितकीच मोठी टंचाई आहे. ती दिसत नाही एवढेच.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. दुष्काळ महाराष्ट्राला नवा नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६ चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ हे कुठल्या हवामानबदलाने आले? ऊस, बेसुमार उपसा, न चालणारी सांडपाणी केंद्रे ही आपली करणी आहे, आणि हवामानावर बोट ठेवणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय, असे हा आक्षेप सांगतो. त्याचा अर्धा भाग पूर्णपणे खरा आहे. शेतजमिनीच्या अगदी थोड्या हिश्श्यावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा घेतो, ही वस्तुस्थिती आहे. पण त्यामुळे हवामानाचा मुद्दा बाद होत नाही, उलट तो अधिक टोकदार होतो. पूर्वी एखादे वर्ष चुकीचे गेले तर पुढच्या दोन चांगल्या वर्षांत विहिरी भरून येत. व्यवस्थेच्या चुका निसर्गाच्या सवलतीत खपून जात. ती सवलत आता आटत चालली आहे. चूक आपलीच असेल, तर ती सुधारण्याची मुदत हवामानाने कमी केली आहे, इतकेच मला म्हणायचे आहे.

दोन उपाय नेहमी पुढे केले जातात. एक म्हणजे मोठी धरणे आणि नदीजोड. पाणी वळवण्याची गरज काही खोऱ्यांत असेलही. पण वळवलेले पाणी सांडपाण्याने भरलेल्या नदीतून गेले तर वाढतो तो फक्त दूषित साठा. दुसरा उपाय आरओ यंत्रांचा आणि वीस लिटरच्या जारचा. फ्लोराइडग्रस्त गावात आज त्याला पर्याय नसेल तर तो जरूर वापरावा. मात्र हे यंत्र घेतलेल्या पाण्याचा मोठा भाग क्षारयुक्त करून बाहेर टाकते, तो नाल्यात सोडला जातो आणि पुन्हा त्याच जमिनीत मुरतो. शिवाय जार विकत घेणे ज्यांना परवडत नाही, ते आणि त्यांची जनावरे तेच पाणी पीत राहतात. दारात विकत मिळणारे शुद्ध पाणी म्हणजे गावाचा स्रोत शुद्ध झाला, असे मानता येत नाही.

मग करायचे काय? महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये बांध घालून पावसाचे पाणी शेतात मुरवण्याची मागणी सरकारपुढे ठेवली होती. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीऐवजी माणसांच्या संख्येवर ठरवला आणि ऊस वगळला. हिवरे बाजार या गावाने पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली. या तिन्हींतून निघणारा धडा असा की वरचा, उथळ जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, हा पिण्याचा राखीव साठा आहे. पाणी मुरवायचे ते त्याच्यासाठी, आणि उपशावर मर्यादा घालायची तीही त्याच्यासाठी. बोअरचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात उघड्यावर साठवणे हे त्याच्या नेमके उलट आहे. त्याला अनुदान मिळता कामा नये. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करतो. ही तरतूद गावात बोअरची गाडी येते त्या क्षणी लागू झाली पाहिजे. आणि शहरांचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प हा दुष्काळनिवारणाचा प्रकल्प मानून त्याला तसाच अग्रक्रम आणि निधी मिळाला पाहिजे.

आधी सर्वांना पाणी तर मिळू द्या, शुद्धतेचे नंतर पाहू, असे काही अनुभवी प्रशासक तळमळीने सांगतात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण जलजीवन अभियानाने माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठरवले, तेव्हा विहित गुणवत्तेचे पाणी हा त्याच उद्दिष्टाचा भाग ठेवला. फ्लोराइडने आखडलेले हाड नंतर सरळ होत नाही. ज्या बाळाने नायट्रेटचे पाणी प्यायले त्याच्यासाठी ‘नंतर’ नसते. खर्चाचा विचार केला तरी बिघडलेला जलधर सुधारण्यापेक्षा चांगला राखणे कितीतरी स्वस्त पडते.

म्हणून या परिषदेने तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक गावाच्या स्रोताची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी, आणि फ्लोराइड, नायट्रेट व जंतूंचे निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर पाणीपातळीच्या शेजारी लिहिले जावेत. धरणांच्या साप्ताहिक टक्केवारीसोबत त्या पाण्याचा दर्जा जाहीर व्हावा. आणि भूजल, सिंचन, आरोग्य व प्रदूषण नियंत्रण या यंत्रणांनी प्रत्येक पाणलोटासाठी मिळून एकच वार्षिक ताळेबंद सादर करावा. इथे बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती यातला एकेक धागा आहे, त्यामुळे हे काम दुसऱ्या कुणावर सोपवण्याची सोय आपल्याला नाही. पुढच्या परिषदेत आपण भेटू तेव्हा किमान एका पाणलोटाचा असा ताळेबंद आपल्यासमोर वाचला जावा.