आधी कान, मग बंदूक

बंदूक आणि लहान मूल हे दोन शब्द एका दमात उच्चारले, तर आपल्याकडची कोणतीही आई पहिल्याने म्हणेल, 'नको!' त्या माउलीची भीती खोटी नाही. परंतु ज्या मुलुखात घरोघर बंदूक असते, तिथे नुसते 'नको' म्हणून भागत नाही. तिथे मुलाला बंदूक शिकवावी तरी लागते, नाहीतर ते चोरून शिकते. ती शिकवण्याचा एक जुना, सावकाश मार्ग अमेरिकेच्या खेड्यांतून चालत आलेला आहे. त्या मार्गावर मुलाला बंदुकीच्या आधी कुत्रा भेटतो. त्याचीच हकीकत आज तुम्हाला सांगणार आहे.

पेनसिल्व्हानिया राज्यात काही वर्षे मी एका शेतकऱ्याच्या शेजारी राहत होतो. त्याच्याकडे बीगल जातीचे दोन कुत्रे होते. हिवाळ्यातल्या शनिवारी तो, त्याची मुलगी आणि हे दोन कुत्रे सशांच्या मागावर निघत. मी आपला हात खिशात घालून मागोमाग जाई.

बीगल हा मूळचा इंग्लंडचा कुत्रा. अंगाने लहानखोर, खांद्यापाशी फार तर पंधरा इंच उंच. कान लोंबते आणि शेपटीचे टोक पांढरे. आपल्या दख्खनचा कारवानी कुत्रा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो डोळ्यांनी शिकार करणारा. जनावर दिसले की बाणासारखा सुटतो. बीगलचे सगळे उलटे. त्याचे डोळे बेताचे, पाय आखूड. पण नाक असे की ससा निघून गेल्यावर कितीतरी वेळाने त्याची वाट तो हुंगत काढतो. आणि चालता चालता ओरडतो. हे ओरडणे घरच्या कुत्र्यासारखे भुंकणे नव्हे. लांब सूर लावलेली हाक असते ती.

तुम्ही म्हणाल, इतका सावकाश कुत्रा सशाला गाठणार कसा? तो गाठत नाहीच, आणि त्याने गाठावे अशी अपेक्षाही नसते. तिकडचा 'कॉटनटेल' ससा, म्हणजे कापसाच्या बोंडासारखी शेपटी असलेला, स्वतः बीळ खणत नाही. गवतात, काटेरी जाळीत, लाकूडफाट्याच्या ढिगाखाली तो दबा धरून बसतो. कुत्र्याने उठवला की पळतो, पण आपला ओळखीचा थोडासा टापू सोडून जायला तयार नसतो. म्हणून मोठे वर्तुळ घेऊन तो बहुधा उठला होता तिथेच परत येतो. कुत्रा फार वेगाने मागे लागला, तर ससा पहिल्या दिसेल त्या बिळात घुसतो आणि खेळ संपतो. म्हणून इथे सावकाश कुत्राच चांगला. शिकारी धावत नाही. ससा उठला त्या जागेजवळ, जरा मोकळ्या उंचवट्यावर, निमूट उभा राहतो आणि ऐकतो.

ज्याला हा नाद नव्याने लागला आहे, त्याला तिकडचे जुने शिकारी पहिला सल्ला देतात तो बंदूक घेऊ नकोस असा. आधी ज्याचे कुत्रे चांगले आहेत त्याच्याबरोबर दोन-चार वेळा हिंडून ये म्हणतात. मग कुत्रा घे. आणि पिल्लू घेण्यापेक्षा तीन-चार वर्षांचा, माग काढायला तयार झालेला घे, कारण नवखा धनी आणि नवखे पिल्लू एकमेकांना चुकाच शिकवतात. कुत्रा पारखताना दोन गोष्टी पाहायच्या. माग सापडला तरच तो ओरडतो, की उगीचच? आणि वाटेत हरीण आडवे आले, तर त्याच्यामागे भरकटतो का? पिल्लू असेलच, तर त्याला बंदुकीच्या आवाजाची सवय लांबून, हळूहळू लावावी. एकदा भ्यालेला कुत्रा पुन्हा क्वचितच सावरतो. जमीन ओलसर आणि वारा पडलेला असला की वास टिकतो. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी चांगला कुत्राही गोंधळतो, तेव्हा त्याच्यावर रागावू नये.

आता मुलांकडे वळतो. माझ्या शेजाऱ्याने मुलीला तीन हिवाळे लावले. पहिल्या हिवाळ्यात तिच्या हातात काहीच नव्हते. काम एकच, कान देणे. कुत्रे जवळ आले की लांब गेले? आवाज थांबला, म्हणजे माग हरवला का? ससा कोणत्या बाजूने वळला असेल? महिन्याभरात ती माझ्याआधी सांगू लागली, "काका, तो आता त्या ओढ्याकडून येणार बघा." दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या हातात बंदूक आली, पण रिकामी. कुंपण ओलांडताना ती खाली कशी ठेवायची, नळीचे तोंड कुठे असावे, बोट चापाबाहेर कसे ठेवायचे, हे सारे रिकाम्या बंदुकीवर. एकदा बोलता बोलता नळीचे तोंड माझ्या गुडघ्याकडे वळले. बाप ओरडला नाही. त्याने बंदूक काढून घेतली आणि उरलेला दिवस ती पुन्हा मोकळ्या हाताने चालली. "रिकामी तर होती," असे ती पुटपुटली. त्यावर तो एवढेच म्हणाला, "प्रत्येक बंदूक भरलेलीच असते."

तिसऱ्या हिवाळ्यात काडतूस मिळाले, ते एक. बंदूक वीस बोअरची, दस्ता तिच्या हाताला बेतून आखूड केलेला, काडतूस हलके. त्याहून बारीक '.४१०' ची बंदूक मुलांना सोपी असे लोक समजतात. पण तिच्यात छरे थोडे असतात, नेम चुकतो आणि मूल हिरमुसते. आधी मैदानात मातीच्या तबकड्यांवर सराव झाला होता. कानांवर बंद, डोळ्यांवर चष्मा, अंगात भडक नारिंगी बंडी.

त्या दिवशी कुत्र्यांचा आवाज ओढ्यावरून वळला आणि आमच्याकडे येऊ लागला. तिने बंदूक खांद्याला लावली. ससा जाळीतून निघाला, उघड्यावर आला आणि क्षणभर थांबला. वीस पावलांवर! मी श्वास रोखला. पण तिने बंदूक खाली घेतली, ससा निघून गेला. एवढ्यात त्याच्या मागच्याच गवतातून धाकटा बीगल बाहेर आला. मला तो दिसला नव्हता; तिने त्याचा आवाज जवळ ऐकला होता. बाप तिच्याजवळ गेला, तिच्या टोपीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आजची शिकार तुझी." त्या दिवशी ते घर सशाविना जेवले. मात्र पुढच्या शनिवारी त्याने तिला दोन काडतुसे दिली.

श्रोतेहो, हे काही त्या एका बापाचे शहाणपण नव्हे. मुलांसाठी बंदुकीच्या सुरक्षिततेचे सक्तीचे शिक्षण न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये सुरू केले, आणि पुढे तिथली इतर राज्येही त्याच वाटेने गेली. १९३७ च्या एका कायद्याप्रमाणे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या संवर्धनाला जातो. कोणी, कधी आणि दिवसाला किती ससे मारावेत, याला हिशेब आहे. मारलेला ससा खाण्यासाठीच असतो. तो सोलताना हातमोजे घालतात, कारण सशांपासून 'टुलरेमिया' नावाचा ताप माणसाला होऊ शकतो, आणि मांस पुरते शिजवतात.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानसशालाही अभय मिळाले आहे. माळावर कुत्रे घेऊन ससे मारणे हा आता गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असणेच योग्य आहे. पण मुलाला नेमबाजी शिकवायला सशाची गरज कुठे आहे? दहा मीटरच्या एअर रायफलच्या निशाणावरचा मधला ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यांचे निशाण जिवंत नव्हते.

तेव्हा तुमच्या मुलाने किंवा मुलीने नेमबाजीचा हट्ट धरला, तर एकदम 'नको' म्हणू नका आणि एकदम बंदूकही देऊ नका. चांगला शिक्षक असलेली रेंज शोधा, आणि पहिले काही दिवस मुलाला तिथे नुसते बसू द्या. कोण केव्हा थांबतो, काय पाहतो, केव्हा बंदूक खाली ठेवतो, हे त्याला पाहू द्या. नेम पुढे बसेलच. न मारण्याचा क्षण ओळखता आला, की समजा, तुमच्या मुलाच्या हातात बंदूक द्यायला हरकत नाही.