विवाह, व्हिसा आणि सत्य



उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेला मुलगा तेथील नागरिक असलेल्या मुलीशी विवाहबद्ध होतो, तेव्हा घरी आनंदाबरोबर एक समजही पसरतो : 'आता ग्रीन कार्ड मिळालेच!' वस्तुस्थिती तशी नाही. विवाहाने केवळ अर्ज करण्याचा मार्ग खुला होतो. पत्नीने आय-१३० व पतीने आय-४८५ हे अर्ज दाखल करावयाचे असतात.

खरी कसोटी प्रतीक्षेच्या काळात लागते. अर्ज प्रलंबित असताना, प्रवासाची पूर्वपरवानगी न घेता विद्यार्थी देशाबाहेर पडला, तर त्याने अर्ज सोडून दिला असे मानले जाते. इकडे आई अत्यवस्थ आणि तिकडे मुलगा अडकलेला, असा प्रसंग ओढवू शकतो. म्हणून त्या परवानगीचा आय-१३१ अर्ज वेळीच करावा. आणि घरच्यांनीही 'लगेच निघून ये' म्हणण्यापूर्वी ती हाती आली आहे काय, हे विचारावे.

मंजुरीच्या वेळी विवाहास २ वर्षे झाली नसतील, तर कार्ड २ वर्षांपुरतेच मिळते. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत उभयतांनी आय-७५१ अर्ज करावयाचा असतो.

केवळ कागदासाठी केलेला विवाह हा तेथे ५ वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. मुलाखत घेणारा अधिकारी प्रामुख्याने एकच गोष्ट पाहतो : संसार खरा आहे काय? आईवडिलांनी हा प्रश्न मुलास त्याच्याही आधी, मायेने विचारावा.