कॅसेट फेकू नका, मैत्रिणींनो



गेल्या वर्षी भुलाबाईच्या दिवसांत आमच्या बचत गटातल्या एकीने पेटीतली जुनी कॅसेट आणली. तिच्या सासूबाईंनी म्हटलेली भुलाबाईची गाणी तिच्यात होती. सासूबाई आता नाहीत. कॅसेट लावली, तर अर्ध्या भागावर सिनेमाची गाणी! पोरांनी नकळत भरलेली. तिला रडू आवरेना. त्या रात्री आम्ही सगळ्यांनी आपापल्या पेट्या उघडल्या.

वर्षभरात घरोघरच्या ४३ कॅसेट जमल्या. बाजारातून जुना टेपरेकॉर्डर विकत घेतला. त्याच्या हेडफोनच्या जागेतून वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि कॅसेट लावायची. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. पहिल्या ११ कॅसेट आम्ही एकाच मेमरी कार्डात भरल्या आणि ते कार्ड बिघडलं. मूळ कॅसेट जपल्या होत्या, म्हणून पुन्हा भरता आल्या.

तेव्हापासून आमचे नियम ठरले. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडायचे, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. स्पीकरजवळ आणि ओलीत ठेवायची नाही. भरलेलं गाणं दोन ठिकाणी ठेवायचं, एक कार्डात, एक पेनड्राइव्हमध्ये, आणि तेही दोन वेगळ्या घरांत. फाइलला गाणारीचं नाव, गाव आणि साल द्यायचं.

हे काम मोठ्या प्रमाणावर आधीच झालंय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या वह्यांत उतरवल्या. पण वहीत शब्द राहतात, चाल राहत नाही. म्हणून १९९०च्या दशकात बर्नार बेल यांच्या साथीने आवाजही टेपवर घेतले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या, आपण मोबाइलवर ऐकू शकतो. जात्यावरून वहीत, वहीतून टेपवर, टेपवरून मोबाइलवर. दर वेळी कोणीतरी वेळेत हात लावला, म्हणून त्या टिकल्या.

सासूबाईंची चारच गाणी वाचली. पण गावात गाणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. येत्या भुलाबाईला त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारा आणि मोबाइल सुरू करा.