काबो पुल्मो : एका किनाऱ्याचा नकार

मेक्सिकोचा नकाशा पुढे घेतला, तर त्याच्या पश्चिम अंगाला एक लांबलचक सोंड खाली लोंबताना दिसते. हे बाहा कॅलिफोर्नियाचे द्वीपकल्प. एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाचे आखात, आणि मध्ये सुमारे बाराशे किलोमीटर लांबीचा उजाड, डोंगराळ, निवडुंगांचा मुलूख. या सोंडेच्या टोकाजवळ, आखाताच्या बाजूला, काबो पुल्मो नावाचे गाव आहे. गाव म्हणण्यापेक्षा वाडीच म्हणा. ज्या काळाची हकिगत मी सांगणार आहे, त्या काळी इथली वस्ती शंभराच्या आसपास होती. पण या एवढ्याशा वस्तीने तीस हजार खोल्यांच्या नगरीला नकार दिला, आणि तो नकार टिकला. तो कशाच्या बळावर टिकला, हे पाहण्यासारखे आहे.

आधी गावाची ओळख करून घेऊ. सान होसे देल काबो या शहराहून मोटारीने निघाले, तर शंभरेक किलोमीटरची वाट. बरीचशी डांबरी, शेवटचा टप्पा मात्र कच्चा आणि खडबडीत. गावात शिरताच धुळीच्या दोनचार गल्ल्या, ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली घरे, एखादे खानावळीवजा दुकान, आणि समोर समुद्र. तारेवरची वीज या गावाने कधी पाहिलीच नव्हती. छपरावरच्या सौर तावदानांवर दिवे लागायचे. पहाट झाली की 'पांगा' नावाच्या उघड्या होड्या मोटारीला जोडून वाळूवरून पाण्यात ढकलायच्या. दुपारी त्या परत यायच्या. जेवणात तोर्तिया, म्हणजे मक्याची नाहीतर गव्हाची पातळ पोळी, घेवड्याच्या दाण्यांची उसळ, मासळी आणि मिरची. हिवाळ्यात किनाऱ्यावरून देवमासे दिसतात. उन्हाळा मात्र भाजून काढतो, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत वादळाची धास्ती असते. एका रात्रीत कोरडे ओढे भरून आले, की रस्ता तुटलाच.

या गावाचे खरे धन पाण्याखाली आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खडकांच्या रांगा समुद्रात शिरतात, आणि त्यांवर प्रवाळ वाढलेले आहे. पॅसिफिकच्या पूर्व काठावर इतक्या उत्तरेला असे प्रवाळाचे खडक क्वचितच आढळतात. जॉन स्टाइनबेक हा अमेरिकन कादंबरीकार आणि त्याचा जीवशास्त्रज्ञ मित्र एड रिकेट्स १९४० साली बोट घेऊन या आखातात हिंडले, तेव्हा पुल्मोच्या खडकावरही थांबून त्यांनी जलचरांचे नमुने गोळा केले होते.

पुल्मोच्या लोकांचे पूर्वज मोत्यांसाठी बुड्या मारणारे. आखातातले मोती एके काळी युरोपच्या बाजारात जात. परंतु शिंपले बेसुमार उपसले गेले, त्यात रोग पडला, आणि १९४०च्या सुमारास तो धंदा बसला. मोती संपले तेव्हा लोक मासळीकडे वळले. पुढे मासळीचेही तेच होऊ लागले. बाहेरच्या मोठ्या बोटी येत, गावकरीही मारत. १९८०च्या सुमारास जाळे रिकामे येण्याचे दिवस वाढले. एका धंद्याचा शेवट आजोबांनी पाहिला होता. दुसऱ्याचा शेवट नातवांना दिसू लागला.

त्याच सुमारास ला पास येथील विद्यापीठातले सागरशास्त्राचे अध्यापक आणि विद्यार्थी पुल्मोला येऊ लागले. त्यांनी कोळ्यांना काचेचे मुखवटे दिले आणि म्हटले, एकदा खाली डोकावून तर पाहा. वरून मासे ओढणाऱ्या माणसाने आपला समुद्र आतून पाहिलाच नव्हता. नांगर टाकून मोडलेले प्रवाळ त्यांनी आता आपल्या डोळ्यांनी पाहिले. मग गावातल्या कास्त्रो घराण्याने आणि इतर मंडळींनी शास्त्रज्ञांबरोबर सरकारदरबारी खेटे घातले, आणि ६ जून १९९५ रोजी ७,१११ हेक्टरांचे राष्ट्रीय सागरी उद्यान जाहीर झाले.

आता तुम्ही म्हणाल, उद्याने तर सगळीकडेच जाहीर होतात. कागदावर रेघ ओढायला काय लागते? बरोबर आहे. पण इथली गोष्ट निराळी. उद्यानाच्या नियमांप्रमाणे सुमारे ३५ टक्के भागातच मासेमारीला पक्की बंदी होती. गावाने ती आपण होऊन जवळजवळ सबंध उद्यानाला लागू केली. ज्यांची चूल मासळीवर पेटते, त्यांनी स्वतःच जाळी गुंडाळून ठेवली. पहिली काही वर्षे फार ओढगस्तीची गेली. मिळेल ते काम करायचे, पाणबुड्या पर्यटकांना होडीतून न्यायचे, आणि वाट पाहायची.

वाट पाहण्याचे फळ काय मिळाले, त्याची मोजदाद झालेली आहे. १९९९ साली शास्त्रज्ञांनी दर हेक्टरी मासळीचे वजन मोजले, ते पाऊण टन भरले. २००९ साली पुन्हा मोजले, तर ते सव्वाचार टनांच्या घरात गेले होते. दहा वर्षांत ४६३ टक्क्यांची वाढ. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि राखीव समुद्रात अशी वाढ जगात कोठे नोंदलेली नाही, असे त्यात म्हटले होते. आता पुल्मोच्या पाण्यात माशांचे थवे असे फिरतात, की खाली उतरलेल्याला वरचा उजेड दिसेनासा व्हावा. मोठे शिकारी मासे परतले, शार्क परतले. बुडी मारायला येणाऱ्यांची सोय गावच करी. होडी गावची, वाटाड्या गावचा, खानावळ गावची.

पण समुद्र राखला तरी त्याच्या पाठची जमीन मोकळीच होती. आणि इथे मेक्सिकोच्या किनाऱ्याचा अलीकडचा इतिहास थोडा सांगायला हवा. १९७० नंतर सरकारने ठरवून पर्यटनाची शहरे उभारायला घेतली. युकातान द्वीपकल्पावरचे कान्कून त्यांत पहिले. जिथे थोड्या कोळ्यांच्या झोपड्या होत्या, तिथे २०२० सालच्या जनगणनेत जवळजवळ नऊ लाखांचे शहर होते. पुल्मोच्या दक्षिणेला असलेला लोस काबोस हा प्रदेश याच योजनेतला. १९९० साली तिथे सुमारे ४४ हजार लोक होते; २०२० साली साडेतीन लाख. जमिनीच्या कायद्यानेही वाट सोपी केली. राज्यघटनेप्रमाणे किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरांच्या पट्ट्यात परदेशी माणसाला थेट मालकी मिळत नाही. पण बँकेच्या नावाने विश्वस्तनिधी करून ती अडचण टळते. आणि १९९२ सालच्या घटनादुरुस्तीने गावसमाईक जमिनीही विकता येऊ लागल्या. वाळवंटात ज्या रेताड रानाला कोणी विचारत नव्हते, त्याला अचानक सोन्याचा भाव आला.

या शहरांत रोजगार मिळत नाही असे नाही. दूरच्या गरीब प्रांतांतून माणसे तिथे कामाला येतात, कारण गावी त्याहून वाईट असते. पण ते राहतात कुठे? हॉटेलाच्या बागेला दिवसभर पाणी मिळते, तर ज्या वस्तीत माळी राहतो तिथे नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येते. बाकी दिवस टँकर. पुष्कळ घरे कोरड्या ओढ्यांच्या पात्रात उभी राहिलेली. सप्टेंबर २०१४ मध्ये ओडील नावाचे चक्रीवादळ लोस काबोसवर आदळले, तेव्हा परदेशी पाहुण्यांना विमानांनी बाहेर काढले. कामगार मात्र मोडक्या पत्र्यांखाली राहिले. पुल्मोच्या लोकांना हे सारे वर्तमानपत्रात वाचावे लागत नव्हते. त्यांचे आप्त तिथेच कामाला होते.

म्हणून २००८ साली 'काबो कोर्तेस' नावाची योजना पुढे आली, तेव्हा गावाला तिचा अर्थ लगेच कळला. हान्सा उर्बाना या स्पॅनिश कंपनीची ही योजना. उद्यानाच्या उत्तरेला लागून सुमारे ३,८०० हेक्टर जमीन, हॉटेले आणि घरे मिळून तीस हजारांच्या जवळपास खोल्या, गोल्फची मैदाने, ४९० नौकांचे बंदर. शंभर माणसांच्या शेजारी एक नवे कान्कूनच! वाळवंटातल्या या नगरीला पाणी भूगर्भातून उपसायचे, म्हणजे आसपासच्या वाड्यांच्या विहिरी आटायच्या. बंदरासाठी किनारा खणला, की वाळूची वाट बदलते, गाळ प्रवाळावर बसतो. गोल्फच्या हिरवळीवरचे खत शेवटी समुद्रातच उतरते. उद्यानाच्या रेघेपाशी पाणी थोडेच थांबते?

पुल्मोचे लोक विकासाला नको म्हणत होते, असे मात्र समजू नका. त्यांना दवाखाना हवा होता, चांगली शाळा हवी होती. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की आमच्या दारात काय यावे हे आम्हाला विचारल्यावाचून ठरू नये. गावकऱ्यांनी मेक्सिकोतल्या आणि बाहेरच्या पर्यावरण संस्थांशी हात मिळवले, शास्त्रज्ञांनी आकडे दिले, देशोदेशीच्या लोकांनी सह्या दिल्या. तरी २०११च्या जानेवारीत सरकारच्या पर्यावरण खात्याने योजनेला सशर्त मान्यता दिलीच. लढा चालू राहिला, आणि १५ जून २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी योजना रद्द झाल्याचे जाहीर केले.

हा निव्वळ सत्याचा विजय होता, असे सांगून तुमची समजूत घालणे बरे नव्हे. स्पेनमध्ये घरबांधणीचा फुगा फुटला होता; कंपनीच्या पाठीशी असलेली बँक २०११ साली सरकारला ताब्यात घ्यावी लागली होती. दैवही गावाच्या बाजूला होते म्हणा. आणि संकट टळले असेही नाही. दोनच वर्षांनी त्याच जमिनीवर 'काबो दोरादो' नावाने बावीस हजारांवर खोल्यांची नवी योजना आली. विरोध झाला, आणि मे २०१४ मध्ये ती मागे घेतली गेली. नाव बदलते, भागीदार बदलतात. जमीन तीच असते. गावाला दर वेळी जिंकावे लागते, योजनेला एकदाच.

मग तरीही पुल्मो टिकले कशामुळे? किनाऱ्यावरची कितीतरी गावे विरोध करतात आणि हरतात. ती भित्री असतात म्हणून नव्हे. मासळी संपलेली असते, मुले बेकार असतात, आणि नेमक्या अशा वेळी जमिनीचा गिऱ्हाईक दाराशी उभा राहतो. रिकाम्या हाताने 'नाही' म्हणणे फार कठीण आहे. पुल्मोने योजना येण्याच्या तेरा वर्षे आधीच जाळी गुंडाळली होती. त्या उपासाच्या वर्षांतून जो भरलेला समुद्र हाती आला, त्याने गावाला पोट दिले. आणि पोट भरलेले होते म्हणून मान ताठ राहिली. कंपनी नोकऱ्या देऊ म्हणाली, तेव्हा आमच्याकडे आमचे काम आहे, असे गाव सांगू शकले.

आता पुल्मोपुढे निराळा प्रश्न आहे. गावाची कीर्ती झाली, पाहुणे वाढले. पाहुण्यांच्या गर्दीनेही प्रवाळ मोडते, आणि आपल्याच गावच्या होड्या मोजायला लागणे हे कंपनीशी भांडण्यापेक्षा अवघड असते. परक्याला नाही म्हणताना सारे गाव एक होते. शेजाऱ्याला नाही म्हणताना तसे होत नाही. पण ज्यांनी एकदा स्वतःच्या जाळ्याला नाही म्हटले, त्यांना ही विद्या अगदीच अनोळखी नाही. किनारा राखण्याची सुरुवात त्यांनी तिथूनच केली होती.