उभ्या मोटारीची गळती

जुन्या मोटारीखाली सकाळी फरशीवर तांबडा डाग दिसला, की मालकाच्या काळजात चर्र होते. गाडीचा हा रोग कोठे आहे आणि त्यावर उपाय किती खर्चाचा, हे त्याला कळत नाही. त्या तांबड्या डागाविषयी मी आज आपणाशी बोलणार आहे.

भोपाळमधील आमची सोनागिरी ही वसाहत भेलच्या कारखान्याच्या परिसरात आहे. १९५६ साली स्थापन झालेली हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी १९७४ साली भेलमध्ये विलीन झाली. या कारखान्यात पाण्यावर चालणारी प्रचंड टर्बाइने तयार होतात. फिरणारा दांडा भिंतीतून बाहेर काढायचा, पण आतील द्रव मात्र आतच ठेवायचा, हा प्रश्न त्या टर्बाइनापुढे जसा असतो, तसाच तो मोटारीच्या गिअरपेटीपुढेही असतो. दांड्याभोवती बसवलेली एक लहानशी कडी तो सोडवते. तिलाच आपले मेकॅनिक ऑइल सील म्हणतात. या कडीला रबराचा पातळ ओठ असतो आणि त्या ओठाला बारीक गोल स्प्रिंग दांड्यावर हळुवार दाबून धरते. दांडा आणि ओठ यांमध्ये तेलाचा अतिशय पातळ थर राहतो. तो थर आहे तोवर ओठ झिजत नाही.

आपल्या देशातील अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे गिअर बहुतेक हातानेच बदलावे लागत. आपोआप गिअर बदलणारी पेटी परदेशी मोटारींतून आपल्याकडे आली. १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत हायड्रामॅटिक पेटी मिळू लागली, आणि १९५० साली शेवरोलेने पॉवरग्लाइड पेटी दिली. अशा मोटारी आपल्याकडे थोड्या, म्हणून त्या हाताळलेले कारागीरही थोडे. चुकीच्या हाती पडलेली पेटी पुष्कळदा कायमची बिघडते, कारण हिच्यातील तेल केवळ वंगण नव्हे. इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारे, गिअर बदलणाऱ्या पट्ट्यांवर दाब देणारे आणि पेटीला थंड ठेवणारेही तेच असते. ते कमी झाले, की पट्ट्या घसरतात, तापतात आणि जळतात. शिवाय गळणारे तेल तापलेल्या धुरनळीवर पडले, तर आगीचा धोका असतो.

आता मुख्य मुद्दा. सील हे बहुधा रोगाचे लक्षण असते, मूळ नव्हे. नवे सील घातले आणि मूळ तसेच राहिले, तर काही महिन्यांत डाग पुन्हा दिसतो.

म्हणून प्रथम गळती कोठून होते हे शोधावे. गाडीचा खालचा भाग धुऊन कोरडा करावा, रात्रभर स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी डाग कोणत्या जागी पडला ते पाहावे. या पेटीचे तेल प्रायः तांबडे असते आणि जळले की तपकिरी होते. इंजिनाचे तेल वापरात काळे पडते. वाऱ्यामुळे तेल मागे उडत जाते. म्हणून ओला भाग आणि गळणारा भाग एकच असे समजू नये. ओलाव्याच्या सर्वांत वरचे व सर्वांत पुढचे टोक शोधावे.

मग उभे राहण्याचा प्रश्न येतो. २०२१ साली केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते आणि अशा मोटारी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच त्या बाहेर पडतात. नियम योग्यच आहे. पण यंत्राला उभे राहणे मानवत नाही. मोटार आठवडेच्या आठवडे उभी राहिली, की टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल हळूहळू खालच्या तबकात उतरते. तेथील पातळी वाढते आणि एरवी तेलाच्या वर असणारे गिअरच्या दांडीचे सील बुडून गळू लागते. सुकलेला ओठही कडक होतो. मालक बंद इंजिनावर तेल मोजतो, ते जास्त दिसते, आणि तो ते काढून टाकतो. हे करू नये. पातळी गाडी सपाट जागी, तापलेली आणि इंजिन चालू असताना, पुस्तिकेत सांगितल्या रीतीनेच मोजावी.

तेल खरोखरच जास्त असेल, किंवा पेटीचे श्वासाचे छिद्र मातीने बुजले असेल, तर आतील दाबाने चांगले सीलही गळते. छिद्र साफ करणे फुकटचे काम आहे; तेच आधी करावे.

गळती मागच्या टोकाची असेल, तर काम घरच्या अंगणातही होते. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावी आणि चाकांना अडसर लावावा. प्रोपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी खडूने खूण करावी, म्हणजे तो जसा होता तसाच परत बसतो. दांडा हाताने हलवून पाहावा. आतील बुश झिजून तो डगमगत असेल, तर नवे सील टिकणार नाही. दांड्यावर नख फिरवावे. जुन्या ओठाने तेथे खाच पाडली असेल, तर दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवावी लागते. जुने सील काढताना भोवतालच्या धातूला ओरखडा पडू देऊ नये. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, ओठाला तेच तेल लावावे आणि त्याच व्यासाच्या नळीने सर्व बाजूंनी सारखे ठोकून ते सरळ बसवावे.

पुढच्या टोकाचे सील मात्र पेटी उतरवल्याशिवाय मिळत नाही. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. त्यालाही एक गोष्ट विचारावी : कन्व्हर्टर पंपावर पूर्ण बसला ना? तो फिरवत फिरवत आत उतरावा लागतो. अर्धवट राहिलेल्या कन्व्हर्टरवर बोल्ट आवळले, तर पंप फुटतो आणि थोड्या किमतीच्या सीलपायी सारी पेटी हातची जाते.

गळती थांबवणारी औषधे बाजारात मिळतात. ती रबर फुगवतात. पण झिजलेला दांडा किंवा बुश ती भरून काढीत नाहीत. त्यांना तात्पुरता आधार समजावे, दुरुस्ती समजू नये.

श्रोतेहो, जपून ठेवलेली मोटार म्हणजे केवळ पांघरुणाखाली झाकलेली मोटार नव्हे. महिन्यातून एकदा तरी तिला तापेपर्यंत चालवावे, आवारापुरते का होईना. वर्षभर उभी ठेवून एक दिवस फुले घालून मिरवण्यापेक्षा ते अधिक मोलाचे आहे.